गळ्यातलं अक्षर : महाकाम नदीवरून बहाऊंच्या गावी

पहिला दिवस

सातची बोट म्हणून साडेपाचलाच सुंगाई कुंजांगच्या धक्क्यावर येऊन बसलो. एसटी स्टँडची सवय, दुसरं काय. इंडोनेशियातल्या समारिंदा शहरातून महाकाम नदीने वर लाँग बागुनपर्यंत जाणाऱ्या या लाकडी दुमजली बोटींना इथे 'कपाल ताक्सी' म्हणतात. कपाल म्हणजे जहाज, तमिळ 'कप्पल'वरून आलेला शब्द. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर, वेळ दीड ते दोन दिवस, नदीला पाणी किती त्यावर. खालच्या मजल्यावर माणसं, कोंबड्या, सिमेंटच्या गोण्या आणि दोरीने बांधलेला एक फ्रीज. वरच्या मजल्यावर ओळीने पातळ गाद्या. मी वरची गादी धरली.

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागात, पूर्व कालिमंतानमध्ये, मला नोकरीत दोन वर्षं होत आली होती. कोळशाच्या खाणींना यंत्रं पुरवायचा धंदा, त्यावरच माझी भाकरी. ऑफिसातला एक सहकारी बहाऊ आहे. बहाऊ हे महाकामच्या मधल्या आणि वरच्या खोऱ्यातले दायाक, म्हणजे बोर्निओचे मूळ रहिवासी. "भात पेरून झालं की गावी हुडोक आहे, येतोस का?" असं त्याने विचारलं आणि मी त्याच दिवशी रजा टाकली. हुडोक म्हणजे पेरणीच्या दिवसांतला मुखवट्यांचा नाच. 2024 चा ऑक्टोबर होता. वही घेतली, दोन पेनं घेतली. चार दिवसांत बहाऊ भाषा थोडीफार पदरात पाडून घ्यायची असा बेत होता. हा बेत किती भाबडा होता ते तिसऱ्या दिवशी कळलं.

दुपारपर्यंत नदीत बघायला कोळसाच होता. काळ्या डोंगरांसारखे ढीग लादलेले सपाट तराफे, त्यांना ओढणाऱ्या टिचभर टगबोटी, एकामागे एक. मोजायचं ठरवलं आणि तिसाच्या पुढे सोडून दिलं. तेंगारोंगच्या पुलाखालून जाताना शेजारच्या गादीवरच्या काकांनी बोट दाखवून सांगितलं, हा नवा, जुना पडला. 2011 च्या नोव्हेंबरात वाहतूक चालू असताना पूल नदीत कोसळला होता, माणसं गेली होती.

दुपार कलल्यावर मुआरा कामान आलं. धक्का, चार दुकानं, मशिदीचा घुमट. आपल्याकडच्या माणसाने इथे जरा सावरून बसावं, कारण इंडोनेशियातले सर्वांत जुने शिलालेख या गावच्या परिसरात सापडले. दगडी यूप आहेत, म्हणजे यज्ञातले खांब. पल्लव धाटणीची लिपी, भाषा संस्कृत, काळ साधारण इसवी सन 400. राजा मूलवर्मा, त्याचा बाप अश्ववर्मा आणि आजा कुंडुंग. आजोबांचं नाव इथलंच वाटतं, मुलगा आणि नातू मात्र 'वर्मा' झाले. तीन पिढ्यांत घराण्याने नावं बदलली ती दगडावर तशीच राहिली आहेत. मूलवर्म्याने ब्राह्मणांना वीस हजार गाई दिल्याचं त्यात लिहिलंय. मी दोन्ही काठ निरखून पाहिले, एक गाय दिसली नाही. मूळ यूप आता जाकार्ताच्या संग्रहालयात आहेत, तेंगारोंगला प्रतिकृती.

काकांना मी मोठ्या उत्साहाने हे सगळं सांगितलं. ते कुताई, मुसलमान, खालच्या खोऱ्यातले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, शाळेत होतं." मग इंदोमी नूडल्सची वाटी पुढे करून विचारलं, खाणार का.

रात्री मुआरा मुन्ताईला बोट लागली. सगळं गाव खांबांवर, रस्तेसुद्धा लाकडी फळ्यांचे. त्यावरून मोटारसायकल गेली की फळ्या थेट ताशासारख्या वाजतात. याच भागात पेसुत असतात, गोड्या पाण्यातले डॉल्फिन. शंभरही उरलेले नाहीत. मला एकही दिसला नाही.

दुसरा दिवस

पहाटे तीनला धक्का बसून जाग आली. बोट वाळूत रुतली होती. खलाशांनी शिव्या दिल्या, बांबू टोचले, इंजिन उलटं फिरवलं, मग सिगारेटी पेटवून बसून राहिले. दोन तासांनी एका टगबोटीने ओढून काढलं. या दोन तासांत वरच्या मजल्यावर एकही माणूस उठून बसला नाही. मीच तेवढा लाइफजॅकेट शोधत होतो.

मेलाक गेलं, तेरिंग गेलं. तेरिंगपर्यंत समारिंदाहून डांबरी रस्ता येतो, त्यामुळे निम्मी बोट तिथेच रिकामी झाली. इथून नदीचा चेहरा बदलतो. कोळसा कमी होतो, मशिदींच्या घुमटांत मधूनच चर्चचे क्रूस दिसू लागतात आणि गावांची नावं 'लाँग'ने सुरू व्हायला लागतात. लाँग इराम, लाँग हुबुंग, लाँग बागुन, त्याही वर लाँग पाहांगाई, लाँग आपारी. लाँग म्हणजे संगम. उपनदी जिथे मोठ्या नदीला मिळते तिथे गाव, आणि त्या उपनदीचं नाव गावाला. 'दाता' असेल तर सपाट जागा. नकाशा उलगडून बसलो तर अर्धी बोली त्यातच लिहिलेली. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द, इथे संगम आणि माळ.

लाँग इरामजवळ आपण विषुववृत्त ओलांडतो. मी घड्याळ बघत, फोनवर शून्य अंश यायची वाट पाहत बसलो होतो आणि नेमक्या वेळी नेटवर्क गेलं.

बोटीवर कुणीही पूर्व-पश्चिम म्हणत नाही. 'हुलू' म्हणजे उगमाकडे, 'हिलिर' म्हणजे मुखाकडे, बस. मीठ घराच्या हुलूच्या बाजूला ठेवलंय, असंही म्हणतील. ईदला गावी जाण्याला इंडोनेशियाभर 'मुदिक' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ नदीने वर जाणं. लाँग बागुनच्या वर मोठे धबधबे आहेत, बोटी फोडणारे. त्यांच्या पलीकडच्या माणसांना 'हुलू रियाम', धबधब्यांच्या वरचे, म्हणतात. बोलताना आवाजात आदर असतो आणि थोडी चेष्टाही, आपण 'घाटावरचे' म्हणतो तशी.

संध्याकाळी लाहम. 1907 मध्ये कापुचिन मिशनरी इथे येऊन राहिले, त्यातून या नदीवरचा कॅथलिक पंथ सुरू झाला. आज बहुतेक बहाऊ कॅथलिक आहेत. अंधार पडल्यावर पुढच्या एका गावी उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथला हुडोक पाहुण्यांसाठी नव्हता आणि पुढच्या वर्षी माझ्यामुळे तिथे सेल्फी-काठ्या उगवलेल्या मला नको आहेत.

काठावर सहकारी बॅटरी घेऊन उभा होता. "वाळूत रुतली होती ना बोट?" त्याला आधीच कळलं होतं.

तिसरा दिवस

घर लाकडी, खांबांवर, पुढे नदी, मागे रबराची झाडं. पूर्वी सगळं गाव एकाच लांबलचक घरात राहायचं, त्याला आज सगळे 'लामिन' म्हणतात. आता जो तो आपापल्या घरात, लामिन सभा-समारंभापुरता. त्याच्या खांबांवर 'आसो'ची नक्षी कोरलेली. आसो म्हणजे कुत्रा. पण हा कुत्रा ड्रॅगनसारखा वळसे घेत जातो, शेपूट कुठे संपते आणि दुसऱ्याचा जबडा कुठे सुरू होतो ते बोट फिरवूनच शोधावं लागतं. मी फिरवलं, दोनदा चुकलो.

सहकाऱ्याची आजी ऐंशीच्या घरातली. कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या, त्यात आता कड्या नाहीत. हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, वयाने निळसर झालेलं. तिच्या पिढीपर्यंत चांगल्या घरच्या मुलीचं हे लेणं होतं. तिच्या लेकींच्या हातावर काही नाही.

वही उघडून मी पहिला प्रश्न विचारला, बहाऊ भाषेत अमुकला काय म्हणतात. आजी, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारची एक बाई, तिघांत वाद सुरू झाला. बहाऊ भाषा म्हणजे कुणाची? शेजारीण लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेली, तिचा 'उमा' वेगळा. उमा म्हणजे घर, आणि एका लांब घरात राहिलेल्या साऱ्यांचं मिळून कुळही. उमा सुलिंग, उमा वाक अशी नावं. माणूस आधी आपल्या उमाचा, मग नदीचा, बहाऊ त्यानंतर. पुस्तकात बहाऊंचे बुसांग आणि साआ असे दोन मोठे गट सापडतात, पण ओट्यावर बसल्यावर ते दोन राहत नाहीत. आणि शेजारीच लाँग ग्लात लोक आहेत, त्यांची मोदांग बोली आजीला नीटशी कळतही नाही. बहाऊ नावाची नदी आहे ती पार उत्तरेला, आपो कायानच्या पठाराकडे, जिथून यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या सरकत इकडे आले. म्हणजे नाव मागे राहिलेल्या नदीचं, आणि राहणं या नदीवर.

शेवटी तडजोड म्हणून बुसांग ठरली. वरच्या महाकामवर निरनिराळ्या उमांची माणसं भेटली की बुसांग बोलायची, अशी जुनी रीत आहे. बार्थ नावाच्या एका डचाने 1910 मध्ये बुसांग-डच शब्दकोश छापला होता. त्याच्या आधी 1896-97 मध्ये नियुवेनहाइस नावाचा डच डॉक्टर पोंतियानाकहून निघून, सगळं बेट आडवं ओलांडून याच नदीने समारिंदाला उतरला होता. सोबत फोटोग्राफर होता, त्यामुळे आजीच्या पणजीच्या पिढीचे चेहरे आज बघायला मिळतात. मी फोनवर दोन फोटो दाखवले. आजीने चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही, गोंदणाची नक्षी मोठी करून मागितली आणि म्हणाली, ही आमची नव्हे.

मग आकडे. जी, दुआ, तेलो, पात, लिमा. दुआ ऐकून माझे डोळे लकाकले, 'दोन'चा भाऊ सापडला! तसं काही नाही. ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा, तैवानपासून मादागास्करपर्यंत पसरलेल्या गोतावळ्यातली, आणि हा दुआ त्यांचा घरचा आहे. आपल्याशी नुसता योगायोग. खरे संस्कृत पाहुणे इंडोनेशियन भाषेत बसलेत: भाषेला 'बहासा', बायकोला 'इस्त्री', नवऱ्याला 'सुआमी'. आजीच्या बोलण्यात ते आले की ती इंडोनेशियन बोलायला लागलीय हे ओळखायचं.

सहकाऱ्याने एक गंमत दाखवली. इंडोनेशियन 'पादी', म्हणजे भात, तो इथे 'पारेई'. 'बाबी', म्हणजे डुक्कर, तो 'बावुई'. आणि 'सुंगाई', नदी, ती 'हुंगेई'. सुरतेची माणसं सुरतेला 'हुरत' म्हणतात ते आठवून मला हसू आलं. कारण सांगितल्यावर सगळे हसले, सुरत कुठे आहे हे न विचारता.

पण माझी गाडी अडली ती एका आवाजापाशी. हुडोक हा शब्द मी दोन वर्षं 'क' लावून म्हणत होतो. आजीने कपाळाला हात लावला. रोमन लिपीत ते शेवटी 'क्यू' लिहितात, पण तो क नाही, ख नाही, काहीच नाही. स्वर चालू असताना गळ्यातलं दार झटकन लावून घ्यायचं. हुडो, आणि दार बंद. आसोलाही तेच, उमालाही तेच. माझा एक तर क व्हायचा, नाही तर नुसताच 'हुडो' लांबत जायचा. शेजारणीचा सहा वर्षांचा नातू माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि मास्तरसारखा पुन्हा पुन्हा म्हणून दाखवू लागला. मी म्हटलं की तो मान हलवायचा. दहाव्या वेळी त्याने आजीकडे बघून इंडोनेशियनमध्ये निकाल दिला, "याला येत नाही."

हे इंडोनेशियनमध्येच म्हणाला. आजी त्याच्याशी तिच्या बोलीत बोलते, तो सगळं समजतो आणि उत्तर इंडोनेशियनमध्ये देतो. माझी आजी कळवणची. 'कथा चालना रे?' असं अहिराणीत विचारायची आणि मी 'शाळेत' म्हणून शुद्ध मराठीत उत्तर द्यायचो. या पोराला मी काय सांगणार?

चौथा दिवस

आज हुडोक. भाताची पेरणी डोंगरउतारावर, जंगल तोडून जाळलेल्या जागेत होते. पुरुष टोकदार काठ्यांनी भोकं पाडत पुढे, बाया मागून दाणे टाकत. पेरणीच्या दिवसांत 'लाली' पाळतात, म्हणजे अमुक करायचं नाही, तमुक खायचं नाही. त्या काळात दाण्याच्या रक्षणासाठी हुडोक येतात.

सकाळपासून गावामागे पुरुष मंडळी केळीची पानं फाडत बसली होती. पानाच्या उभ्या चिंध्या करायच्या, दोरीवर ओवायच्या, मग ती झालर गळ्यापासून पायापर्यंत थरांनी गुंडाळायची. एका माणसाला किती पानं लागतात ते बघून मी आपल्या पंगतीच्या हिशेबात मोजलं, पन्नास पानं तरी उठली असती. वर मुखवटा, हलक्या लाकडाचा, पांढरा-काळा-तांबडा. लांब नाक, बाहेर आलेले डोळे, दातांची रांग, आणि नुसत्या दोऱ्यांवर लटकलेले मोठे कान, जे चालताना फडफडतात. डोक्यावर पिसांचा तुरा.

माझं बालपण सुरगाण्याच्या बाजूला बोहाडा बघण्यात गेलं, त्यामुळे मुखवट्यांचं मला नवल नव्हतं. पण बोहाड्यात सोंग कुणाचं ते सगळ्यांना माहीत असतं, सोंगाच्या आत वामनकाका आहेत हेही. इथे आत कोण ते विचारायचं नाही. मी विचारलं. सहकाऱ्याने इतक्या हळू आवाजात "नको" म्हटलं की मी वही खिशात घातली.

दुपारी ऊन खाली आल्यावर गाँग वाजायला लागला आणि नदीकडच्या वाटेने ते आले. पंधरा-सोळा असावेत. बोलणं नाही, हसणं नाही. एक पाय जोरात आपटायचा, अंगाला झटका द्यायचा, पानांची सळसळ, मग दुसरा. दोन्ही हात पंखांसारखे वर-खाली. गाँगचा ठेका एकच, तासभर बदलला नाही. पहिली दहा मिनिटं मला तो कंटाळवाणा वाटला हे कबूल करतो. नंतर कधी मी त्यात पाय हलवायला लागलो ते कळलं नाही. ताज्या फाटलेल्या केळीच्या पानांचा वास, घामाचा, धुळीचा.

लहान पोरं किंचाळत पळत होती. कालचा माझा मास्तर आजीच्या पाठीमागे लपला होता.

हुडोक म्हणजे नेमके कोण, यावर दोन म्हाताऱ्यांत जुंपली. एक म्हणाला, हे उंदीर, डुक्कर, माकडं, पिकावर येणारी सगळी कीड. त्यांना बोलावून नाचवून मान दिला की ते पीक सोडतात. दुसरा म्हणाला, साफ चूक, हे वरून आलेले रक्षक आहेत, यांचे चेहरे बघून कीड पळते. दोघेही गावातले मोठे, दोघांनीही तरुणपणी मुखवटा घातलेला. सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, दोन्ही. मला वाटतं तोच जवळपास बरोबर असावा. जो पीक खातो त्यालाच राखणीला बसवायचं, ही शेतकऱ्याची अक्कल आहे.

शेवटी हुडोकांनी बघणाऱ्यांना ओढून रांगेत घेतलं. मलाही. एका मोठ्या पांढऱ्या मुखवट्याने माझं मनगट धरलं, तळहात अगदी घट्टे पडलेला. तीन फेऱ्या नाचलो. रात्री शर्ट बघितला तर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. ते निघत नसतात हे कोणत्याही कोकणी माणसाला विचारा.

पाचवा दिवस

सहकाऱ्याबरोबर उजोह बिलांगला जाऊन आलो. महाकाम उलू हा वेगळा जिल्हा 2013 मध्ये झाला, त्याचं हे मुख्य ठिकाण. नवी कार्यालयं, रुंद रस्ते, दुपारी त्यावर कुणी नाही. मे महिन्यात मोठा पूर येऊन गेला होता. दुकानांच्या भिंतींवर चिखलाची रेघ अजून दिसत होती, माझ्या डोक्याच्या बरीच वर. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. चहा गोड होता.

येताना होडीत भाषेचा विषय निघाला. शाळेत आठवड्यातून एखादा तास स्थानिक विषयाला ठेवता येतो, त्यात बोली का शिकवत नाहीत, असं मी विचारलं. सहकारी बराच वेळ पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "कुठल्या उमाची?"

सहावा दिवस

परतीला बोट नव्हे, तेरिंगपर्यंत स्पीडबोट आणि पुढे गाडी. सातला निघायचं म्हणून आजीने पाचलाच चूल पेटवली होती. पानात बांधलेला गरम भात, कुटलेला कसाव्याचा पाला, नदीतला मासा, मिरचीचा सांबाल. मी दोनदा घेतला. ती तिसऱ्यांदा वाढायला आली. तोंड भरलेलं होतं, म्हणून मी ओठ न उघडता मान हलवली आणि आपण घरी करतो तसा आवाज काढला, "अं-अं."

आजीचा डाव हवेतच थांबला.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं. दोन अंच्या मधे गळ्यातलं दार लागत होतं, झटकन, स्वच्छ. जन्मभर नको म्हणताना लावत आलो होतो, कधी लक्षच गेलं नव्हतं. आजीने आतल्या खोलीकडे हाक मारली, नातवाला उठवून आणायला सांगितलं. तो डोळे चोळत आला, समोर मांडी घालून बसला.

"हं, म्हण आता," आजी म्हणाली. "आसो."

मी घास गिळला आणि म्हटलं.

पोराने आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता माझ्या ताटातला मासा उचलून खायला लागला.